शाबासकी कुणी कुणाला द्यायची

नाशिक

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

सातपूरच्या कारखान्यात एचआरमध्ये लागलीस, आनंद झाला. तुझे कच्चे इंग्रजी अहवाल वाचले. व्याकरण ठीक आहे. एका वाक्याने मात्र तू सुपरवायझरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस, आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

‘द सुपरवायझर बिलिटल्ड द ऑपरेटर’ असं लिहिलंस. तुला म्हणायचं होतं की काम बिघडलं म्हणून तो रागावला. पण बिलिटल म्हणजे माणसाला किंवा त्याच्या कामाला आहे त्याहून क्षुल्लक ठरवणं. शब्द लिहिला की निकालही लागला: बोलणारा अन्यायी. डिस्पॅरेज आणि डिमीनची जातकुळी तीच. क्रिटिसाइझमध्ये टीका रास्त की गैर, हे मोकळं राहतं. रिब्यूक म्हणजे कडक कानउघाडणी, आणि रेप्रिमांड म्हणजे अधिकाराने, बहुधा रीतसर दिलेली समज. डिग्रेड तर मशीनचं तेलही होतं. माणसाबद्दल वापरलंस की त्याची माणूस म्हणून किंमतच काढून घेतली, असा अर्थ होतो. ह्युमिलिएट खरा पाणउतारा झाला असेल तरच लिही, पण झाला असेल तर लिहायला कचरू नकोस.

(बिलिटल हा शब्द अमेरिकेच्या थॉमस जेफरसनने रूढ केला. लंडनच्या एका मासिकाने १७८७ मध्ये त्या शब्दाचीच टर उडवली होती!)

स्तुतीतही पायरी बघावी लागते. प्लांट हेडना तू ‘आय कमेंड यू’ लिहिलंस. त्यांची आजी असतीस तर शोभलं असतं. कमेंड म्हणजे शाबासकी देणं, ती बहुधा वरून खाली येते. तू ॲडमायर म्हण. फ्लॅटर लिहिलंस तर बोट स्तुती करणाऱ्याकडेच वळतं, कारण त्यात मतलबाचा वास आहे. ‘आय ॲम फ्लॅटर्ड’ हे नम्र उत्तर मात्र खुशाल दे. आणि शिफ्ट वेळेवर सांभाळली एवढ्यासाठी एक्स्टोल, म्हणजे तोंडभर गुणगान? भाजी आणायला येवल्याची पैठणी नेसून निघाल्यासारखं झालं ते. तिथे प्रेझ पुरे.

कोणत्या क्रियापदापुढे कोणतं अव्यय येतं ते पाठच करून टाक: प्रेझ, कमेंड, क्रिटिसाइझ यांना फॉर; कॉम्प्लिमेंट, काँग्रॅच्युलेट यांना ऑन; अक्यूझला ऑफ. ॲप्रिशिएटला थेट काम जोड, ‘वुई ॲप्रिशिएट युअर वर्क’. निरोप समारंभात ऐकू येणारं ‘ॲप्रिशिएट यू फॉर’ अहवालात नको.

सुपरवायझरचं वाक्य बदलून मला पाठव. पण आधी ऑपरेटरला गाठ आणि नेमके शब्द विचारून घे. नुसता रागावला असेल तर रिब्यूक्ड. आईवरून शिवी दिली असेल तर रिब्यूक्ड म्हणजे पांघरूण घालणं होईल. तिथे ‘व्हर्बली अब्यूज्ड’च लिहावं लागेल, मग सुपरवायझर कितीही जुना असो.

तुझे,
सर