इंग्रजीत कौतुक करताना शब्द कुठे अडतात?

प्रश्न : ‘आय व्हेरी अ‍ॅडमायर यू’ हे चूक आहे असं सांगितलं जातं. मग ‘व्हेरी’च्या जागी काय घालायचं?

उत्तर : ‘व्हेरी’ क्रियापदाला थेट जोडता येत नाही. बोलताना ‘आय रिअली अ‍ॅडमायर यू’ म्हणा. लेखी, औपचारिक मजकुरात ‘ग्रेटली’ किंवा ‘डीपली’ छान बसतं. ‘हायली’ची सोयरीक वेगळ्या शब्दांशी आहे : ‘अ हायली रिस्पेक्टेड टीचर’, ‘थिंक हायली ऑफ’, ‘स्पीक हायली ऑफ’. यातलं ‘थिंक’ मनातलं चांगलं मत सांगतं, ‘स्पीक’ चारचौघांत बोलून दाखवलेलं. ‘आय अ‍ॅम अ‍ॅडमायरिंग यू’ही टाळा. आदर ही टिकून राहणारी भावना आहे, तिथे साधा वर्तमानकाळच हवा.

खरी गडबड होते ती ‘फॉर’, ‘टू’ अशा छोट्या शब्दांत. ‘अ‍ॅडमायर’नंतर माणूस किंवा त्याचा गुण थेट येतो : ‘आय अ‍ॅडमायर हर पेशन्स’. दोन्ही सांगायचे तर गुणाआधी ‘फॉर’ : ‘आय अ‍ॅडमायर हर फॉर हर पेशन्स’. नाम वापरलं, तर माणसाआधीच ‘फॉर’ लागतो : ‘आय अ‍ॅम फुल ऑफ अ‍ॅडमिरेशन फॉर हर’. ‘लुक अप टू’मधला ‘टू’ तर गाळूच नका. ‘आय लुक अप टू हिम’ म्हणजे तो मला आदर्श वाटतो. नुसतं ‘लुक अप’ म्हणजे कोशात शब्द किंवा यादीत नंबर शोधणं. ‘लुक अप टू’ सहसा वयाने, अनुभवाने मोठ्या माणसासाठी वापरतात. हाताखालच्या सहकाऱ्याचं काम आवडलं, तर ‘आय अ‍ॅम इम्प्रेस्ड बाय युअर वर्क’ हेच योग्य.

‘होल्ड समवन इन हाय रिगार्ड’, म्हणजे एखाद्याबद्दल मनात मोठा आदर असणं, हे बरंच औपचारिक आहे. शिफारसपत्रात शोभतं, मित्राच्या मेसेजमध्ये अवघडल्यासारखं वाटतं. त्यात ‘रिगार्ड’ एकवचनीच ठेवा.

प्रश्न : ‘गिव्ह ट्रिब्यूट’ आणि ‘गिव्ह अ कॉम्प्लिमेंट’, दोन्ही चालतं का?

उत्तर : दुसरं चालतं, ‘पे अ कॉम्प्लिमेंट’ही चालतं. ट्रिब्यूट मात्र ‘पे’च करतात, पुढे ‘टू’ लावून. ते फक्त दिवंगतांसाठी नसतं. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यालाही ‘पे ट्रिब्यूट टू’ म्हणता येतं. ‘अ प्रेझ’ म्हणू नका, हे नाम मोजता येत नाही. ‘सिंग समवन्स प्रेझेस’, म्हणजे तोंडभरून गुण गाणं, यात ते अनेकवचनी येतं. कॉम्प्लिमेंटच्या स्पेलिंगमध्ये ‘एल’नंतर ‘आय’ लिहा. ‘ई’ लिहिलं की अर्थ ‘पूरक’ होतो.