मुखवटा राहू दे, आईची वही घे

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय आहे ‘माझी ओळख’. अर्धा चेहरा मुखवट्याआड, अशी पोस्टरची मालिका मी केली. रफ लेआउट बघून सरांनी विचारलं, “यात तू कुठे आहेस?” मला उत्तर देता आलं नाही. आम्ही लालबागला चाळीत राहतो. आजोबा गिरणीत होते, १९८२च्या संपात त्यांचं काम गेलं. आई घरून डबे देते. वर्गातल्या मुलींकडे सांगायला काहीतरी मोठं आहे. माझ्याकडे आईच्या हिशेबाच्या वह्या आहेत, शाळेत असल्यापासून मीही त्यात लिहिते. पण घरातलं असं बाहेर मांडलेलं आईला आवडेल का? काय करू?

— एक विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : प्रोजेक्ट वह्यांवर कर. पोस्टरबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि वह्यांचा विषय निघाल्यावर थेट घरात शिरलीस, मला तिथेच उत्तर मिळालं.

मुखवटे, तडा गेलेले आरसे, पिंजऱ्यातले पक्षी मी ज्युरीला बसते तेव्हा दरवर्षी समोर येतात. ते काढणाऱ्या मुलांचं दुःख खरं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण चिन्ह आयतं घेतलेलं असल्यामुळे ते दुःख नेमकं कोणाचं, हे कळत नाही. गिरणीची चिमणी आणि डबा शेजारी शेजारी काढलास, तरी तेच होईल.

आता वह्या उघडून बैस. आई गिऱ्हाइकांची नावं लिहिते, की ‘तिसरा मजला’, ‘बँकवाले’ असं काही? खाडा कसा मांडते, फुलीने, शून्याने, की तिरक्या रेघेने? थकलेल्या पैशांपुढे कोणती खूण असते? गणपतीच्या दिवसांत अक्षर घाईचं होतं का? आणि आईने स्वतः घेतलेला खाडा वहीत कुठे सापडतो का, ते शोध. मला वाटतं, तुझ्या कामाचा गाभा त्या शोधात आहे. एका महिन्याची पानं घेऊन त्यातल्या फक्त खाड्याच्या खुणा ठेव, बाकी सगळं काढून टाक. मग उरलेली प्रत्येक कोरी जागा म्हणजे आईने भरलेला एक डबा. काय दिसतं ते बघ.

काढून टाकायला घाबरू नकोस. केटे कोलवित्स या जर्मन चित्रकर्तीचा मुलगा पीटर १९१४मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकासाठी तिने आधी आडव्या पडलेल्या मुलाची आकृती योजली होती. १९३२मध्ये स्मारक उभं राहिलं तेव्हा त्यात मुलगा नव्हताच, गुडघे टेकलेले आई-वडील तेवढे होते. मूल तिथे नाही, म्हणून ते शिल्प बघवत नाही.

सरांच्या प्रश्नाचं उत्तरही वहीतच आहे. तुझं अक्षर तिच्यात कुठल्या इयत्तेपासून येतं? आईच्या आकड्यांखाली तुझे आकडे कधी आले, बेरीज तुझ्याकडे कधी गेली? स्वतःचा चेहरा काढल्याशिवाय ओळख दाखवता येत नाही, हा समज सोड. सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत असताना आसपासची कष्टकरी माणसं रंगवत राहिले. ती चित्रं बघताना चित्रकार कुठे उभा आहे, हे कळतं.

थोडं वाचनही कर. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. आईच्या कामामागे गिरणगावातल्या किती जणींचे हात आहेत, हे तुला माहीत असावं. पोस्टरवर लिहायची मात्र गरज नाही.

सनबोर्डवर, म्हणजे पोस्टर चिकटवायच्या फोमच्या पाटीवर, काहीही चढवू नकोस. वहीच्याच मापाची, तशाच रेघी कागदाची पुस्तिका कर. बघणाऱ्याला ती हातात घेऊन पानं उलटता आली पाहिजेत.

आईला आधी विचार, आणि रफ दाखवून विचार. डिस्प्लेच्या दिवशी अनोळखी माणसं हे बघतील, हेही स्पष्ट सांग. गिऱ्हाइकांची नावं आणि कोणाकडे किती थकलंय ते तर छापायचंच नाही, ती त्यांची खासगी गोष्ट आहे. आईने एखादं पान नको म्हटलं तर ते पान गेलं, वाद घालायचा नाही. सगळ्यालाच नाही म्हणाली, तर वही जागेवर ठेव आणि फक्त तुझ्या हाताने लिहिलेल्या आकड्यांवर काम कर. पण त्याआधी तिला त्या वह्या तुला का आवडतात, ते सांगून बघ. बहुतेक तिला हे कोणी विचारलेलं नसेल.

संकल्पनेचं टिपण सगळ्यात शेवटी लिही. त्यात ‘अस्मिता’ आणि ‘अस्तित्व’ नको. वही कोणाची, महिना कोणता, कुठलं अक्षर आईचं आणि कुठलं तुझं, एवढं लिहिलंस तरी पुरे.