कॅलिब्रेशन म्हणजे प्रमाणीकरण का?

प्रश्न असा आहे : रसायनशास्त्राच्या एका मराठी टिपणात ‘उपकरणाचे प्रमाणीकरण’ (म्हणजे कॅलिब्रेशन), ‘द्रावणाचे प्रमाणीकरण’ आणि ‘पद्धतीचे प्रमाणीकरण’ असे तीन शब्दप्रयोग आले आहेत. तिन्ही ठिकाणी एकच शब्द बरोबर आहे का?

माझ्या मते फक्त मधला.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे कितीही काळजीपूर्वक तोललं तरी द्रावण नेमकं ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मग शुद्ध, कोरडं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट तोलून घ्यायचं, त्याच्याशी अनुमापन (टायट्रेशन) करायचं आणि खरी संहती, म्हणजे द्रावणाची तीव्रता, काढायची. ती ०.०९७ निघाली तरी चालतं, फक्त ती ठाऊक हवी. असं झालं की ते ‘प्रमाण द्रावण’. पाठ्यपुस्तकांत हा शब्द रुळलेला आहे, त्याला हात लावू नये.

उपकरणाचं काम निराळं. दहा मिलीच्या पिपेटमधून (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीतून) पाणी सोडा आणि तोला. २५ अंश सेल्सिअसला दहा मिली पाण्याचं वस्तुमान सुमारे ९.९७ ग्रॅम असतं. त्याहून कमी भरलं तर पिपेटवरची खूण पुसून आपण नवी काढत नाही. त्या खुणेचा खरा अर्थ किती, एवढंच कळतं. म्हणून कॅलिब्रेशनसाठी ‘अंशांकन’ हा शब्द मला खटकतो. अंशांकन म्हणजे खुणा आखणं, आणि ते काम पिपेट बनवणाऱ्यानं आधीच केलेलं असतं. ‘अंशशोधन’ जास्त जवळचा वाटतो : आहेत त्या अंशांची शहानिशा. मापनशास्त्राची आंतरराष्ट्रीय शब्दावलीही बजावते की कॅलिब्रेशन आणि उपकरण जुळवून घेणं यांची गल्लत करू नये. पीएच मीटरच्या (आम्लता मोजायच्या यंत्राच्या) बाबतीत ही गल्लत हमखास होते, कारण बफरमध्ये, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवून बटण दाबलं की दोन्ही कामं एकदमच उरकतात.

(जाता जाता : ‘कॅलिब्रेशन’ ज्यावरून आलं त्या ‘कॅलिबर’चं मूळ बहुतेक व्युत्पत्तिकार अरबी ‘कालिब’ म्हणजे साचा या शब्दात शोधतात. आपल्याकडचं जोडे शिवायचं ‘कालबूत’, म्हणजे जोड्याचा साचा, आठवून मोह होतो, पण पिपेटला कालबूत लावा म्हटलं तर प्रयोगशाळा हसेल.)

राहिली पद्धत. सगळ्यांनी तीच कृती त्याच क्रमानं करावी असं ठरवणं म्हणजे ‘मानकीकरण’. बोलताना मात्र उपकरणाच्या कामाला खुशाल कॅलिब्रेशन म्हणा, मीही तेच म्हणतो.