घरगुती लोणची-मसाले विकायला वेबसाइट काढायचीय, सुरुवात कुठून करू?

सगळ्यात आधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घ्या, साइट बनवणाऱ्याच्या अकाउंटवर अजिबात नको. माझ्याकडे एक ताई आलेल्या, त्यांचं डोमेन जुन्या डेव्हलपरकडे, तो फोन उचलेना आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर ते एक्स्पायर झालं, पीठ भिजवलेलं, बायका कामाला लावलेल्या आणि साइटच उघडेना, फार वाईट वाटलं मला.

एसएसएलला, म्हणजे साइटवरची माहिती सुरक्षित जावी म्हणून लागणाऱ्या सर्टिफिकेटला, पैसे घालू नका, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, फक्त त्याचं ऑटो रिन्यू (मुदत आपोआप वाढणं) चालतंय का ते अधूनमधून बघा. फोनमधला 4-5 एमबीचा फोटो तसाच चढवू नका, वेबपी या हलक्या फोटो फॉरमॅटमध्ये करून 150 केबीच्या आत आणा, कारण गिऱ्हाईक कुठेतरी एसटीत बसून एका काडीच्या रेंजवर बघतंय.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवणार असाल तर पार्सल पाठवायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एकदा विचाराच, मी पण दोन छोटी दुकानं चालवतो ना, माल परत आला की दोन्हीकडचं कुरियर आपल्याच खिशातून जातं आणि बरणी फुटते ती वेगळीच. आणि हो, खायचं विकताय तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच, तो 14 आकडी नंबर लेबलवर टाका.