‘चक्कर येते’ म्हणू नकोस, नेमकं काय होतं ते सांग

तुझी पोस्ट दोनदा वाचली. डेडलिफ्टचा (जमिनीवरून वजनाचा दांडा उचलून उभं राहायचं, तो व्यायाम) चौथा-पाचवा रेप, म्हणजे एकदा उचलून ठेवणं, झाला, बार म्हणजे तो दांडा खाली ठेवला की डोळ्यांपुढे काळं येतं, कान दडे बसल्यासारखे होतात आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं जागेवर. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. ट्रेनर म्हणतो ग्लुकोज पी, आई म्हणते जिम सोड. आणि मथळा दिलायस, ‘वजन उचलताना चक्कर येते, काय करू?’ चार वर्षांपूर्वी मी हेच वाक्य घेऊन दारोदार फिरत होते आणि त्यातल्या एका शब्दाने माझे पाच महिने खाल्ले. म्हणून एवढं लांब लिहितेय. माझा भाचा तुझ्याच वयाचा, चोवीस वर्षांचा आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. राग मानू नकोस.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही. नागपुरात बँकेत नोकरी करते आणि ३९व्या वर्षी वजनं उचलायला लागले. खाली जे लिहितेय ते माझ्या शरीराचं आहे आणि माझ्या डॉक्टरांनी मला समजावलेलं आहे. झोप नीट घे, उपाशीपोटी जाऊ नकोस, वजन हळूहळू वाढव, हे तुला सगळेच सांगतील. त्यात मी शिरत नाही.

तो शब्द म्हणजे ‘चक्कर’. खरं तर आपल्याकडे याला शब्दांची कमी नाही. घर फिरल्यासारखं झालं तर गरगरतं. डोळ्यांपुढे काळोख आला तर अंधारी येते. शुद्ध हरपायला लागली तर भोवळ. चालताना तोल गेला तर झोक जातो. माझी आजी हे चारही वेगवेगळं सांगायची. आपण मात्र डॉक्टरांसमोर बसलो की चारहींना मिळून ‘चक्कर’ म्हणून मोकळे होतो. आणि ही दुखणी एक नाहीत. गरगरणं बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागातून येतं. अंधारी येते तेव्हा त्या क्षणी मेंदूला रक्त कमी पडलेलं असतं. दोन्हींचे उपाय वेगळे, तपासण्या वेगळ्या.

माझं असं झालं. ७० किलोचा सेट, म्हणजे सलग काही रेप, संपला, बार ठेवला, एक पाऊल मागे घेतलं आणि पुढचं मला आठवत नाही. हनुवटी बेंचच्या कडेवर आपटली, तीन टाके पडले. घरच्यांनी त्याच संध्याकाळी एका मोठ्या रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही. तिथे मी म्हटलं, ‘व्यायाम करताना चक्कर येऊन पडले.’ समोरच्या डॉक्टरांनी मान वर न करता ‘व्हर्टिगो’ लिहिलं, म्हणजे गरगरणं. मला पलंगावर बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन मागे आडवं केलं, मग दुसऱ्या बाजूला. काहीही फिरलं नाही. मी तसं सांगितलंही. तरी गरगरण्यावरच्या बीटाहिस्टीनच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-दुपार-संध्याकाळ. महिन्याने परत बोलावलं. मी म्हटलं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्याही येतात. तर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लावली, बी-ट्वेल्व्ह न तपासता. हिमोग्लोबिन १२.६ आलं होतं. बाईसाठी १२च्या वर ते नॉर्मल धरतात. तरी ‘बायकांमध्ये अशक्तपणा असतोच’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या भेटीत मानेचा एमआरआय सुचवला आणि निघताना सांगितलं, ‘या वयात वजनं कशाला? चालायला जा.’

या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो आकडा ५७ टक्के आला होता. म्हणजे शंका घेणं चूक नाही, घ्यायलाच हवी. पण शंका आली तर तपासा ना! रिपोर्ट समोर नॉर्मल दिसत असताना ‘असतोच’ म्हणून गोळ्या देणं म्हणजे समोरच्या बाईचं ऐकायचंच नाही असं ठरवणं. पाच महिन्यांत मला एकाही माणसाने विचारलं नाही की हे नेमकं कोणत्या क्षणी होतं. आणि मलाही आपणहून सांगावंसं सुचलं नाही. ही माझी चूक, आणि तीच मला सगळ्यात महाग पडली.

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, सर्दीसाठी. सत्तरीतले गृहस्थ. बोलता बोलता विषय निघाला तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘घर फिरतं की अंधारी येते?’ आणि ‘वजन हातात असताना, की खाली ठेवल्यावर?’ मी म्हटलं, अंधारी, आणि ठेवल्यावर. ते म्हणाले, ‘मग कान सोडा, श्वास बघा. एकदा व्हिडिओ काढून आणा.’ त्यांनी ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र आधी करून घेतला. दोन्ही चांगले आले, मगच बारला हात लावू दिला. वजनही निम्मंच ठेवायला सांगितलं होतं, आणि मुलीला बरोबर न्यायला.

फोन डंबेलच्या रॅकला टेकवून ठेवला आणि सेट केला. घरी येऊन बघितलं. मी बारवर वाकून उभी आहे आणि खांदे भात्यासारखे वरखाली होताहेत. भराभर दहा श्वास, मोजले मी. मग गच्च श्वास कोंडून तीन रेप एका दमात, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. मग श्वास सोडून दोन रेप. बार खाली. मी ताठ, पुतळ्यासारखी उभी. सात सेकंदांनी डावा हात आपोआप बाजूचा खांब शोधतो. तो हात बघून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण खांब धरल्याचं मला आठवतच नव्हतं.

ते दहा श्वास मला पहिल्या ट्रेनरने शिकवले होते, ‘ऑक्सिजन भरून घ्या मॅडम’ म्हणून. तुझ्या पोस्टमध्ये ‘दोन-चार जोरात श्वास घेऊन सेट सुरू करतो’ असं वाचलं आणि तिथेच थांबले. ऑक्सिजन असा भरता येत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. भराभर श्वासांनी होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओठांना, बोटांना मुंग्या येतात त्याही त्यामुळेच, आणि मी त्यासाठी इंजेक्शनं घेत बसले होते.

त्यावर श्वास कोंडून जोर लावणं, म्हणजे सरळ कुंथणं. त्याने पोट-छाती घट्ट होते, कण्याला आधार मिळतो, म्हणून जड वजनाला ते लागतंच. पण बीपी किती चढतं बघ. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून मोजमाप केलं होतं. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला (बसून पायांनी वजन ढकलायचा व्यायाम) सरासरी ३२०/२५० आणि एकाचं तर ४८०/३५०च्या वर गेलं. श्वास सोडला, वजन ठेवलं की तेच बीपी काही क्षणांत धाडकन खाली येतं, कधी नेहमीपेक्षाही खाली. मांड्या-पोटऱ्या रक्त वर ढकलत होत्या, त्याही थांबतात. त्यात तू ताठ उभा. मेंदूला रक्त पोचणार कसं?

१९५१च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या मुद्दाम बेशुद्ध पडायच्या खेळाचं वर्णन आहे. उकिडवं बसायचं, भराभर खोल श्वास घ्यायचे, झटकन उभं राहायचं आणि तोंड मिटून जोर लावायचा. डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी गप्पच बसले. माझा डेडलिफ्ट पायरीपायरीने हाच होता.

आता मी काय करते ते सांगते. सेटच्या आधी एक मिनिट नाकाने सावकाश, रोजच्यासारखा श्वास. भाता बंद. प्रत्येक रेपला बार जमिनीवर टेकवते, सोडते, नवा श्वास पोटात घेते, गच्च भरत नाही, पाऊण भरते. अर्धं अंतर पार झालं की ओठांतून बारीक ‘स्स्स’ करत थोडी हवा सोडते. एका श्वासात दोन रेप करत नाही, मग ट्रेनर कितीही ‘चला चला’ ओरडू दे. सेट झाला की थांबायचं नाही, हॉलमध्ये चालायचं, निदान जागच्या जागी टाचा वरखाली करायच्या. जड सेटांमध्ये तीन मिनिटं विश्रांती. तासाभरात सगळं उरकायची घाई असेल तर व्यायाम कमी कर, विश्रांती कापू नकोस. कमरेचा बेल्ट सेट झाल्याबरोबर सैल करायचा.

आणि अंधारी यायला लागली तर लाजायचं नाही. तिथेच फरशीवर बस, जमलं तर आडवा हो आणि पाय बेंचवर ठेव. खुर्चीपर्यंत चालत जायचा प्रयत्न नको, मी त्याच एका पावलात पडले. फ्रंट स्क्वॉट किंवा क्लीन (ज्यांत बार पुढून खांद्यांवर येतो ते व्यायाम) करत असशील तर बार गळ्यावर दाबला जात नाही ना तेही बघ. मानेतल्या धमनीवर दाब आला की वेगळ्याच कारणाने अंधारी येते.

पण हे सगळं ‘बार ठेवल्यावर, थोडे सेकंद’ असं होणाऱ्यांसाठी. वजन हातात असतानाच, ऐन श्रमात शुद्ध जात असेल, छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर माझं एक अक्षर वाचू नकोस. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा आणि तोवर बारला हात लावू नकोस. तुझं तसं नसलं तरी एकदा ईसीजी आणि एको करून घे असंच मी म्हणेन. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं, त्यातल्या काहींनी उभं राहताना बीपी उतरतं. घरात बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून मोजायचं, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

थोडं इकडचं तिकडचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि जिम पत्र्याखाली आहे. त्या दिवसांत नुसतं पाणी पिऊन मला भागत नाही, मीठही जातं. मी साधी ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात घालते, बीपी वाढलेलं असणाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावी. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं, ते बघून घे. ‘ओआरएस’ नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. ते नाव वापरायला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये त्यांना मनाई केली. संकष्टीला किंवा नवरात्रात उपास असेल तर त्या दिवशी जड वजनं नकोत असं माझं ठाम मत आहे. उपास आणि डेडलिफ्ट दोन्ही एका दिवशी करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. प्री-वर्कआउट पावडर (व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ती) घेत असशील तर दोन आठवडे बंद करून बघ.

ग्लुकोज पिऊन काही होणार नाही असं नाही, उपाशी गेला असशील तर बरंही वाटेल. पण बार ठेवल्यावर सात सेकंदांनी येणारी अंधारी साखरेची नसते, दहा-पंधरा सेकंदांत साखर वर येत नाही. आईंना हा व्हिडिओचा प्रकार दाखव. माझ्या आईने व्हिडिओ बघितल्यावरच विरोध सोडला.

तर आधी तेच कर. निम्मं वजन घे, मित्राला शेजारी उभं कर, फोन बाजूला ठेव, पायांपासून डोक्यापर्यंत सगळं दिसू दे. पहिल्या रेपच्या एक मिनिट आधी रेकॉर्डिंग सुरू कर आणि बार ठेवल्यावर लगेच बंद करू नकोस, पुढचा अर्धा मिनिट चालू ठेव. श्वास मोज, सेकंद मोज, मुंग्या आल्या का लिही. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ते आकडे सांग आणि ‘अंधारी’ म्हण.