मुलगा 15 वर्षांचा आहे, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शाळेत तो ज्यू असल्याचं सांगतच नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण माझ्या मोठ्या मुलाचंही अगदी असंच होतं, आडनाव विचारलं की सांगायचा आणि पुढे "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" आलं की "महाराष्ट्रीयनच" म्हणून विषय बदलायचा, किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी) सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, गेटवर खिशातून काढायचा नि निघताना परत खिशात. आम्ही ठाण्याचे. तो आता कॉलेजला आहे, धाकटी अकरावीत. तज्ज्ञ वगैरे नाही हो मी, आमच्याकडे जे झालं ते सांगते.

मी पहिल्यांदा चुकले ते लेक्चर देऊन. कवी निस्सिम एझिकेल आपले, सिनेमातले डेव्हिड आपले, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड आपल्या, वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा ते मुंबईचे महापौर होते तेही आपलेच. पोरगा शांतपणे म्हणाला, "बरं मग, मी काय करू?" आणि खरंच, त्याने काय करायचं होतं त्यात?

मग त्या मे महिन्यात आम्ही अलिबागकडे गेलो, मुलांना बीचचं आमिष दाखवून. नवगावला नेलं. आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं ही गोष्ट त्याने शंभर वेळा ऐकलेली, पण समोर ती जागा आणि ते स्मारक बघितल्यावर पहिला प्रश्न काय, तर "पुरावा काय आहे?" माझे मिस्टर चिडले. मी म्हटलं विचारू दे. लेखी पुरावा नाही, पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, एवढंच सांगितलं. त्यानंतर तो स्वतः शोधायला लागला, आमच्या लोकांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद म्हणून गावात आम्हाला "शनिवार तेली" म्हणायचे, हे त्यानेच मला पेणकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर अशा आडनावांवरून गावांचा नकाशा काढून समजावलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. मी पण नवीन असल्यासारखं ऐकलं.

पण खरा फरक पडला तो त्याच ट्रिपमध्ये. शुक्रवारी रात्री तिकडेच राहिलो, शनिवारी सकाळी गावातल्या सिनेगॉगमध्ये माणसं मोजली तर नऊ. मिनयानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात हे तुम्हाला माहीतच आहे. दहावा आमचा, आणि हा अंघोळीला गेलेला! नऊ म्हातारे दरवाज्याकडे बघत बसलेले. आला तेव्हा कोणी भाषण नाही दिलं, एका आजोबांनी फक्त सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) पुढे केलं आणि पान उघडून दिलं. तोपर्यंत त्याला वाटायचं की त्याच्या असण्या-नसण्याने कोणाला काही फरक पडत नाही. ठाण्यात एवढी माणसं येतात की पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघतात आणि खपून जातं. त्यामुळे शक्य असेल तर मुलाला अशा जागी न्या जिथे त्याच्याशिवाय अडेल. (मुलीला मात्र मोजत नाहीत. धाकटीने तिथेच विचारलं, "मी का नाही?" मला आजही धड उत्तर देता येत नाही, आणि खोटं देणार नाही. तुम्हाला मुलगी असेल तर या प्रश्नाची तयारी ठेवा.)

शाळेतल्या "तू ख्रिश्चन का?" साठी दोन वाक्यं तयार करून दिली: "आम्ही मराठी ज्यू, कोकणात खूप जुने. आजीच्या गळ्यात मंगळसूत्र असतं, सण मात्र वेगळे." बस. पोरांना सणांची जुनी नावं भारी आवडतात, योम किप्पुरला (प्रायश्चित्ताचा उपास) दरफाळणीचा सण, तिशा बेआवला (शोकाचा उपास) बिरड्याचा सण. वालाच्या बिरड्याचा सण म्हटल्यावर त्याच्या वर्गातली सीकेपी मैत्रीण म्हणाली हे तर आमच्यापेक्षा आमचं आहे.

आता कठीण भाग. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हमासचा हल्ला आणि गाझाचं युद्ध झाल्यावर इन्स्टावर, क्लासमध्ये जो तो याला इस्राएलबद्दल जाब विचारायला लागला. मी एकच सांगितलं, तू एम्बसीचा प्रवक्ता नाहीस. तुझं मत असेल तर सांग, नसेल तर नाही म्हण, बदललं तरी चालेल, फक्त कोणाला घाबरून सांगू नको आणि घाबरून लपवू नको. आमच्यातच यावरून जेवताना वाजतं, माझा भाऊ इस्राएलमध्ये अश्दोदला आहे त्यामुळे रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो, मुलं हे सगळं बघतात. सिनेगॉगबाहेर पोलीस का असतात हेही नीट सांगा, 2008 च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊसवर, तिथल्या ज्यू केंद्रावर, काय झालं ते त्याला अर्धवट रील्समधून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

आणि ऑनलाइन परदेशातला एखादा ज्यू मुलगा "यू डोंट लुक ज्युइश" म्हणेलच, आमच्याला म्हणाला. तेव्हा 1960 च्या दशकातलं सांगा, की इस्राएलमध्ये रबायांनी (ज्यू धर्मगुरूंनी) आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली होती, आपली माणसं आंदोलनाला बसली आणि 1964 मध्ये ते मागे घ्यायला लावलं. हे ऐकून आमचा जेवढा ताठ झाला तेवढा महापौर ऐकून नव्हता झाला.

किप्पा अजून खिशातच असतो म्हणा. मी बोलत नाही काही. पुढच्या वेळी घरी मलिदा (पोहे, नारळ, फळांचा आपला विधी) असेल तेव्हा तुमच्या चिरंजीवांना पाहुण्यासारखं बसवू नका, पोहे भिजवायला आणि नारळ खवायला बसवा, कुठल्या फळाला कुठली ब्राखा (आशीर्वादाची प्रार्थना) ते त्यालाच म्हणू दे, चुकला तर चुकू दे. खोबऱ्याच्या हातांनी मोबाईल तरी धरता येत नाही.