टारफुल्याला बांडगूळ म्हणावं का?

प्रश्न नाशिकहून आला आहे. सिन्नर-येवला भागातल्या शेतकऱ्यांसाठी एक इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणायचं आहे. विषय आहे ज्वारी-बाजरीच्या मुळांवर जगणारं, पांढऱ्या फुलांचं एक रानटी झाड. त्याला 'बांडगूळ' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. बांडगूळ फांदीवर वाढतं. फुलटोच्यासारखा पक्षी त्याचं फळ खातो, चिकट बी फांदीला पुसलं जातं आणि तिथेच रुजतं. मातीशी त्याचा संबंध येत नाही. अंजनेरीच्या डोंगरावरल्या झाडांवरच्या आमरींनाही (ऑर्किडांनाही) लोक सरसकट बांडगूळ म्हणतात. पण आमरी झाडावर फक्त बसते, त्याचा रस पीत नाही. मराठी विश्वकोशात अशा वनस्पतींना 'अपिवनस्पती' हा वेगळा शब्द आहे.

ज्वारीच्या मुळावरच्या या झाडाला मराठीत तयार शब्द आहे, टारफुला. इंग्रजी नावावरून कुणी 'चेटकीण तण' लिहितं, ते शेतात कुणाला कळणार? 'स्ट्रायगा' हे शास्त्रीय नाव एकदा कंसात आलं की पुरे. शब्द पुल्लिंगी, अनेकवचन टारफुले. सामान्यरूप मात्र 'टारफुल्या-' असंच करा: टारफुल्याचं बी, टारफुल्याने खाल्लेली ज्वारी. 'फूल'च्या वळणावर जाऊन 'टारफुलाने' लिहिलं की कानाला खटकतं.

क्रियापदंही जपून वापरा. पत्रकात 'टारफुला उगवल्यावर नुकसान सुरू होतं' असं वाक्य आलं तर ते चूक ठरेल, कारण टारफुला जमिनीवर दिसतो तोवर बराचसा घाला घालून झालेला असतो. बी धुळीच्या कणाएवढं, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. एका झाडावर अशा हजारो बिया धरतात आणि जमिनीत दहा वर्षांहून जास्त टिकतात. ओल आणि ऊब मिळूनही बी लगेच रुजत नाही. जवळच्या मुळातून पाझरणाऱ्या विशिष्ट रसायनाची खूण मिळाली तरच रुजतं. मग कोंब मुळाला भिडतो आणि शोषकमूळ आत घुसवून पाणी आणि अन्न ओढतो. म्हणून जमिनीत वापसा असूनही ज्वारी भर दुपारी माना टाकते, पाणी कमी पडलं असं वाटतं आणि शेतकरी पुन्हा पाणी देतो.

खात्री करायची तर झाड उपटू नका, जोड तुटतो. ज्वारीसकट टारफुल्याभोवतीचा वीतभर मातीचा गोळा कुदळीने काढा आणि बादलीत बुडवून माती हळूहळू सुटू द्या. ज्वारीचं मूळ आणि टारफुला जिथे चिकटले असतील तिथे लहानशी गाठ दिसेल. वर खरखरीत, अरुंद हिरवी पानं. फूल नखाएवढं, त्याची नळी मधेच वाकलेली. फुलाखालच्या हिरव्या निदलपुंजावरच्या शिरा भिंगातून मोजा: दहा असतील तर एक जात (एशियाटिका), पाचच असतील तर दुसरी (डेन्सिफ्लोरा). शेतकऱ्याला दोन्ही टारफुलेच, पत्रकातही हा भेद नको.

'बंबाखू' हा शब्द इथे घालू नका. तो तंबाखूच्या आणि वांगी-टोमॅटोच्या कुळातल्या पिकांच्या मुळांवरचा, गुजरातीतला 'वाकुंबा'. त्याच्यात हिरवेपणा नावालाही नसतो. टारफुल्याची पानं हिरवी असतात, तो थोडं अन्न स्वतःही बनवतो. म्हणजे बंबाखू पूर्ण परजीवी, टारफुला अर्धपरजीवी.

सगळ्यांना मिळून एकच शब्द हवा असेल तर 'परजीवी' घ्या. विश्वकोशातला 'जीवोपजीवी' शास्त्राला नेमका आहे, पण पत्रकात जड होतो. 'मुळावर जगणारी परजीवी वनस्पती' हे लांब असलं तरी कुणालाही उमजतं. आणि 'परजीवी' शब्दात शिवी ओतू नका. चंदनही याच पंगतीतलं आहे. रोपवाटिकेत त्याच्या पिशवीत तूर लावतात ती चंदनाच्या मुळांना आधाराचं मूळ मिळावं म्हणूनच. चंदनाला मात्र आजवर कुणी बांडगूळ म्हटलेलं नाही!

उपायाच्या परिच्छेदात 'सापळा पीक' हा रुळलेला शब्द ठेवा, पण त्याचा अर्थही सांगा. कापूस, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांतून तीच खूण पाझरते. टारफुल्याचं बी फसून रुजतं, पण त्या मुळावर त्याला जगता येत नाही, म्हणून मरतं. ही खूण देणारं रसायन, स्ट्रायगॉल, 1966 साली पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते कापसाच्याच मुळांच्या पाझरातून. तेव्हा 'ज्वारीवर ज्वारी घेऊ नका' एवढ्यावर थांबू नका, त्या जागी काय घ्यायचं तेही लिहा.

खुरपणीचं वाक्य असं करता येईल: 'टारफुला फुलायच्या आत उपटा. बोंडं धरली असतील तर बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नका, जाळा. जनावरांना घालू नका, बी शेणातून पुन्हा शेतात येतं.'